जीवशास्त्राच्या पदवीत नेमकं काय शिकून घ्यायचं

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो. चिमूटभर वजनाचं बी पेरलं, पुढे त्याचं टनभर वजनाचं झाड झालं. हे वजन आलं कुठून? समोरच्या मुलाला केल्विन चक्र तोंडपाठ असतं. कुठल्या पायरीला कुठलं एन्झाइम, कुठे किती कार्बन, सगळं धडाधड सांगतो. आणि वजनाचं विचारलं की म्हणतो, "मातीतून." जरा खोदून विचारलं की, "म्हणजे पाणी आणि क्षार." हवेचं नाव बहुतेक वेळा तिसऱ्या प्रयत्नाला येतं, तेही माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत.

त्या मुलाला फार दोष देता येत नाही. केल्विन चक्र, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून झाड साखर बनवतं ती प्रक्रिया, हे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याने तीन-चार वर्षं उत्तरं गोळा केली, त्यांचे प्रश्न त्याला कधी भेटले नाहीत. नुकताच प्रवेश घेतलेल्यांची ही गत होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. अभ्यासक्रम जागोजागी वेगळे असतात, पण पुढच्या गोष्टी कुठल्याही अभ्यासक्रमात स्वतःहून शिकून घेता येतात. क्रम शक्यतो हाच ठेवा.

पायरी १ : एकच उदाहरण घेऊन सगळे मजले चढून या

पहिल्या वर्षी विषय तुकड्यातुकड्यांनी समोर येतो. पेशी एका पेपरला, आनुवंशिकता दुसऱ्या, जैवरसायन तिसऱ्या, परिसंस्था चौथ्या. ही वेळापत्रकाची सोय झाली. जिवंत प्राण्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून सुरुवातीलाच एखादं असं उदाहरण धरा जे सगळ्या पेपरांतून फिरून येईल. माझं आवडतं म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी ज्या जनुकातून तयार होते त्यात डीएनएचं एकच अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी'. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. एवढ्याशा फरकाने, ऑक्सिजन सोडून मोकळे झालेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे वळायला लागतात. दोऱ्यांनी लाल पेशी आतून ताणली जाते, तिला विळ्याचा आकार येतो, ती बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढच्या भागाचं रक्त तुटतं आणि माणूस वेदनेने तळमळतो. इथवर रसायन, पेशी आणि शरीर झालं. आता पुढचा मजला. बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला हा आजार सहसा होत नाही, उलट मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणून ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं. अक्षरापासून निघालो आणि डासांपाशी पोचलो.

एका कोऱ्या कागदावर हे सगळं स्वतःच्या हाताने काढा आणि प्रत्येक बाणावर "का?" लिहा. मग कळेल की आपल्याला कुठला बाण येत नाही. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, हे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. का सरकावं वेगळं? वर विद्युतभाराचा उल्लेख आला आहे, तिथे परत जा.

पायरी २ : संज्ञा पाठ करा, पण मर्यादेत

संज्ञांना पर्याय नाही. भाषा यायची तर शब्द हवेतच. मात्र एक चाचणी लावा: संज्ञा न वापरता ती गोष्ट घरातल्या कुणाला सांगता येते का? 'परासरण' हा शब्द न उच्चारता, मीठ लावलेल्या काकडीला पाणी का सुटतं ते सांगून बघा. अडखळलात तर तुम्हाला शब्द येतो, गोष्ट येत नाही. ही चाचणी मी अजूनही स्वतःला लावतो आणि दरवेळी उत्तीर्ण होतोच असं नाही.

पायरी ३ : मोजण्याची सवय लावा

"मला गणित नको म्हणून मी जीवशास्त्र घेतलं" हे वाक्य दरवर्षी ऐकतो. ऐकून हसू येतं आणि थोडी काळजीही वाटते, कारण आकारमान, वेळ आणि संख्या ह्यांचा अंदाज नसलेला जीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणजे नकाशावरचं प्रमाण न वाचता निघालेला प्रवासी.

आधी लांबीची एक शिडी डोक्यात पक्की करा. माणसाची लाल रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर. आतड्यातला ई. कोलाय जीवाणू लांबीला १ ते २ मायक्रोमीटर. पुष्कळसे विषाणू त्याच्या दहाव्या हिश्श्याचे, म्हणजे १०० नॅनोमीटरच्या आसपास. डीएनएच्या दुहेरी गोफाची जाडी २ नॅनोमीटर. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. हे एवढं माहीत असलं की प्रॅक्टिकलला स्लाइडवर "मला विषाणू दिसला" असं म्हणायची वेळ येत नाही. (मी विद्यार्थी असताना म्हटलं होतं. तो धुळीचा कण होता.)

मग छोटे हिशोब करायला लागा. माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या आहेत, आणि दोन शेजारच्या जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं. गुणाकार करा: साधारण १ मीटर. पेशीत दोन प्रती, म्हणजे २ मीटर. आणि हे सगळं काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात. आता 'हिस्टोन' नावाची प्रथिनं हा पाठ करायचा मुद्दा राहत नाही. एवढा दोरा गुंडाळायचा तर रीळ लागणारच.

दुसरा हिशोब. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. एका जीवाणूपासून सुरू केलं तर २४ तासांत ७२ वेळा दुप्पट, म्हणजे जवळपास ४.७ गुणिले १० चा २१ वा घात इतके जीवाणू. एकाचं वजन सुमारे १ पिकोग्रॅम धरलं, तर एकूण ४,७०० टन! एका दिवसात, एका जीवाणूपासून. अर्थात असं कधीच घडत नाही. का घडत नाही, ह्या प्रश्नातच अन्नाची मर्यादा, साचत जाणारा कचरा आणि वाढीचा आलेख वाकणं हा परिसंस्थेच्या पेपराचा मोठा भाग येतो. पाठ्यपुस्तकातला तो 'एस' आकाराचा आलेख मग डोळ्यांना वेगळा दिसायला लागतो.

आठवड्याला असा एक हिशोब पुरे. उत्तर तंतोतंत यायची गरज नाही, दहापटीच्या आत आलं तरी चालेल.

पायरी ४ : प्रत्येक विधानाला "कशावरून?" विचारा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे द्यायला सांगेन. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक सरळ वाक्य कुणाच्या तरी कित्येक महिन्यांच्या खटपटीचं शेवटचं वाक्य असतं. पुस्तक मधला रस्ता गाळतं. तुम्ही तो शोधून काढायचा.

उदाहरण म्हणून हे वाक्य घ्या: डीएनएची नक्कल होताना प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. परीक्षेला एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण हे दिसलं कुणाला? धाग्यावर जुना-नवा असं काही लिहिलेलं नसतं.

१९५८ मध्ये मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल ह्यांनी ते लिहायची युक्ती काढली. त्यांनी ई. कोलाय कित्येक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले, त्यामुळे जीवाणूंचा सगळा डीएनए जड झाला. मग अचानक त्यांना साध्या, हलक्या नायट्रोजनवर आणलं. आता जे नवं बनेल ते हलकं. ठरावीक वेळाने थोडे जीवाणू काढायचे, त्यांचा डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात मिसळायचा आणि प्रचंड वेगाने फिरवायचा. द्रावणाची घनता तळाकडे वाढत जाते आणि डीएनए आपापल्या घनतेप्रमाणे ठरावीक उंचीवर पट्टा धरून थांबतो.

इथे पुढचं वाचायचं थांबवा. कागद घ्या आणि तीन शक्यता मांडा. एक, जुना रेणू जसाच्या तसा राहतो आणि नवा पूर्णपणे वेगळा बनतो. दोन, दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. तीन, जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही धाग्यांत सरमिसळ होतात. प्रत्येक शक्यता खरी असेल तर पहिल्या पिढीनंतर नळीत काय दिसेल? दुसऱ्या पिढीनंतर? काढून बघा.

पहिल्या पिढीनंतर एकच पट्टा दिसला, जड आणि हलक्याच्या बरोबर मधोमध. म्हणजे पहिली शक्यता बाद, कारण तिच्यात एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे यायला हवे होते. पण दुसरी आणि तिसरी दोन्ही अजून तग धरून आहेत. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले, एक मधला आणि एक पूर्ण हलका. सरमिसळ होत असती तर एकच पट्टा थोडा वर सरकला असता. तिसरीही गेली.

बघा, प्रयोगाने दुसरी शक्यता 'सिद्ध' केली नाही, बाकीच्या दोघींना घरी पाठवलं. हा फरक ज्याला पहिल्या वर्षात उमगला त्याचं निम्मं काम झालं.

आणि प्रयोग चांगला असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हेही एकदा जवळून पाहून घ्या. झाडाच्या वजनाचा माझा तो प्रश्न सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हॅन हेलमाँट ह्याने स्वतःला विचारला होता. त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंड आणि काही औंस, माती कमी झाली जेमतेम २ औंस. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन मातीतून आलं नाही, हे त्याने निर्विवाद दाखवलं. पण त्याचा निष्कर्ष होता, झाड पाण्याचं बनलेलं आहे. हवा त्याच्या हिशोबातच नव्हती. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द ह्याच माणसाने रूढ केला. वायूंचा अभ्यास करणाऱ्याला आपल्या कुंडीभोवतीचा वायू दिसला नाही. तेव्हा तोंडी परीक्षेत "मातीतून" म्हणणाऱ्याला मी रागावतो, पण "पाण्यातून" म्हणणाऱ्यावर फार रागावत नाही.

दर महिन्याला पुस्तकातलं एक वाक्य निवडा आणि त्याच्या मागचा प्रयोग शोधा.

पायरी ५ : उत्क्रांतीला एका धड्यात कोंडू नका

"जिराफाला उंच पानं खायची होती म्हणून मान लांब झाली", "औषधाची सवय झाली म्हणून जीवाणू बळकट झाले." ही वाक्यं पदवी मिळाल्यानंतरही तोंडात येतात. भाषेनेच घात केलेला आहे, कारण 'म्हणून' म्हटलं की हेतू आलाच. वाक्य उलटं करून बघायची सवय लावा: आधी वेगवेगळे होते, त्यातले काही टिकले.

जीवाणूंच्या बाबतीत हे १९४३ मध्ये साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक ह्यांनी तपासलं. युक्ती पुन्हा तशीच सुंदर. पुष्कळ नळ्यांत एकाच प्रकारचे जीवाणू स्वतंत्रपणे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतले जीवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूच्या तोंडी द्यायचे. विषाणू भेटल्यावर जीवाणू प्रतिकार 'शिकत' असतील, तर प्रत्येक नळीतून वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यावी. पण बदल आधीच योगायोगाने झालेला असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्याची भलीमोठी संतती असेल आणि जिथे झालाच नाही तिथे शून्य. निकाल असाच आला, कुठे एकही नाही, कुठे ढीगभर. आकड्यांच्या विखुरण्यातून उत्तर मिळालं. सरासरी काढून ते कधीच मिळालं नसतं.

एक गोष्ट स्वतः करून बघण्यासारखी. जनुकं आणि प्रथिनांचे मोठे सार्वजनिक साठे इंटरनेटवर फुकट खुले आहेत. त्यातून माणूस, चिंपांझी, गोरिला, घोडा, कोंबडी ह्यांच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळ्या घ्या आणि एकाखाली एक मांडा. साखळीत १४६ अमिनो आम्लं आहेत. माणूस आणि चिंपांझीत एकही फरक सापडणार नाही, गोरिलात एक सापडेल, पुढे फरक वाढत जातील. फरक मोजून नात्यांचं झाड काढा. तासाभराचं काम आहे, पण ते केल्यावर वर्गीकरणाचा धडा रटाळ वाटत नाही. पहिल्या पायरीतल्या सहाव्या जागेवर कोणाकडे काय आहे, तेही जाता जाता बघून घ्या.

पायरी ६ : हात तयार करा

प्रॅक्टिकलमध्ये चौघांचा गट असतो. एकजण काम करतो, एकजण लिहितो, दोघं बघतात. बघणारे होऊ नका. पाळी मागून घ्या.

मायक्रोपिपेटचंच घ्या. अंगठ्याखाली दोन थांबे असतात. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, टोक द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायचं आणि अंगठा हळूहळू सोडायचा. द्रव सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत. नवखा माणूस घाईत दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढतो आणि जास्तीचा द्रव घेतो, किंवा अंगठा खटकन सोडतो आणि टोकात बुडबुडा येतो. आपला हात कसा आहे हे कळायला सोपी परीक्षा आहे. काट्यावर छोटी वाटी ठेवा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा मोजा. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅम यायला हवं. आकडे ०.०९४ ते ०.१०६ असे नाचत असतील तर हात कच्चा आहे. दहाही वेळा ०.०९४ आलं तर हात पक्का, पिपेट बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त. नेमकेपणा आणि अचूकपणा ह्यांतला फरक मला कुठल्या व्याख्येतून कळला नव्हता, काट्यावर कळला.

नंतर विरलीकरण. जीवाणूंचं द्रावण दर पायरीला दहापट पातळ करत जायचं, ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी वसाहती, म्हणजे एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके, मोजायच्या. ३० ते ३०० वसाहती असलेली प्लेटच हिशोबात धरायची. त्याहून कमी असल्या तर योगायोगाचा वाटा फार, जास्त असल्या तर वसाहती एकमेकींत मिसळतात. समजा एक लाखपट पातळ केलेल्या द्रावणाच्या प्लेटवर ८४ वसाहती आल्या. मूळ द्रावणात मिलिलिटरमागे किती? ८४ भागिले ०.१, गुणिले एक लाख, म्हणजे ८ कोटी ४० लाख. अर्ध्या वर्गाचं उत्तर दहापटीने चुकतं, कारण ०.१ विसरलं जातं.

आणि कंट्रोल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो नमुना. माझ्या पदवीच्या प्रकल्पात एका वनस्पतीच्या अर्काने जीवाणू मरतात का ते मी बघत होतो. तीन आठवडे प्रत्येक प्लेटवर वसाहतीच वसाहती. अर्क निकामी आहे असं मी लिहूनही टाकलं. मग एका सीनियर ताईने विचारलं, "नुसतं पाणी टाकलेली प्लेट कुठे आहे?" ती नव्हतीच. टाकून बघितली तर तीही भरून आली. ज्या बाटलीतल्या पाण्याने मी अर्क बनवत होतो त्या पाण्यातच जीवाणू होते, आणि ती बाटली रोज सकाळी मीच भरत होतो. एका प्लेटचं काम वाचवलं आणि तीन आठवडे घालवले. त्यानंतर मी कुणाचाही प्रयोग ऐकताना आधी "नुसतं पाणी कुठे आहे?" हेच विचारतो.

वहीबद्दल थोडंसं. काम चालू असतानाच लिहा, तारीख घाला, चुकलं तर एक रेघ मारा पण खोडून टाकू नका. "नीट उतरवून काढू" म्हणून सुट्या कागदावर लिहिलेलं कधीच नीट उतरत नाही.

पायरी ७ : संख्याशास्त्र टाळू नका

मेंडेलने एका प्रयोगात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मोजले. गुणोत्तर २.९६ ला १. पुस्तकात 'तीनास एक' वाचून मुलांना वाटतं की आठ वाटाणे घेतले तर सहा गोल आणि दोन सुरकुतलेले निघणारच. प्रत्यक्षात आठच घेतले तर बरोबर सहा-दोन अशी वाटणी दहांतून सुमारे तीनच वेळा येते. मेंडेलने सात हजारांवर वाटाणे का मोजले असतील, हे त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच आहे. एका कुंडीला खत घातलं, दुसरीला नाही. प्रत्येकीतल्या झाडाची तीस पानं मोजली आणि लिहिलं, "नमुना तीस." नाही, नमुना एक. खत कुंडीला मिळालं होतं, पानांना नाही. पहिली कुंडी खिडकीजवळ असली तरी हाच निकाल आला असता. तीस पानं मोजायला लागणाऱ्या वेळात दहा कुंड्या लावता आल्या असत्या.

आणि हा हिशोब एकदा हाताने कराच. हजारांत एकाला असलेला आजार. चाचणी ९९ टक्के बरोबर, आजारी आणि निरोगी दोघांच्याही बाबतीत. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला आजार असण्याची शक्यता किती? झटक्यात ९९ टक्के म्हणावंसं वाटतं. हजार माणसं घ्या: एक आजारी, तो बहुधा पकडला जाईल, ९९९ निरोगी, त्यांतले एक टक्का म्हणजे जवळपास दहाजण उगाच पकडले जातील. पॉझिटिव्ह अकरा, खरा आजारी एक. शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास. उद्या तुम्ही प्रयोगशाळेत गेला नाहीत, बँकेत लागलात, तरी हे उपयोगी पडेल.

सोबत 'आर' किंवा 'पायथन' यांपैकी एक संगणकभाषा शिका. दोन्ही फुकट आहेत. पहिलं ध्येय फार मोठं नको. स्वतःच्या प्रॅक्टिकलचे आकडे घेऊन, प्रत्येक नमुन्याचा ठिपका दिसेल असा आलेख काढता आला की झालं. नुसत्या सरासरीचा खांब काढू नका, त्याच्या पोटात बरंच काही लपतं.

पायरी ८ : मूळ पेपर वाचायला लागा, आणि बाहेर जा

दुसऱ्या वर्षापासून महिन्याला एक शोधनिबंध. पहिला वाचताना काहीच कळणार नाही, ते ठीक आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाचू नका. सारांश वाचला की थेट आकृत्यांवर जा. प्रत्येक आकृतीला चार प्रश्न: अक्षांवर काय आहे, अक्ष शून्यापासून सुरू होतो का, नमुने किती, कंट्रोल कुठला? मग लेखकांनी काय म्हटलंय ते वाचा आणि आकृती तेवढं म्हणू देते का ते बघा. दोघांनी मिळून वाचलं तर निम्म्या वेळात होतं आणि भांडायला मजा येते.

दुसरी गोष्ट ह्याच्या अगदी उलट टोकाची. रोज दिसणारं एक झाड निवडा आणि वर्षभर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बघा. पानं कधी गळली, फूल कधी आलं, कोण कोण येऊन बसतं, कुठली अळी खाते. तारखेसह लिहून ठेवा. फोटो काढण्यापेक्षा वेडंवाकडं चित्र काढा, कारण चित्र काढताना पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे बघावंच लागतं.

पायरी ९ : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लहान निवडा

"कर्करोगावर औषधी वनस्पतींचा परिणाम" असा विषय घेऊन मुलं येतात. मी विचारतो, कुठल्या पेशी, कुठली वनस्पती, किती मात्रा, किती दिवस? शेवटी उरतो तो प्रश्न सहा महिन्यांत सुटण्याजोगा असतो. लहान प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. "आमच्या आवारातल्या मुंग्या सावलीतल्या अन्नाला आधी शोधतात की उन्हातल्या?" ह्याला घड्याळ, साखर आणि चिकाटी पुरते, आणि संख्याशास्त्र, कंट्रोल, आलेख सगळं त्यात वापरावं लागतं.

कुणाच्या प्रयोगशाळेत जागा हवी असेल तर पत्र लिहायच्या आधी त्यांचा एक तरी पेपर वाचा. पत्र दहा ओळींचं ठेवा: तुम्ही कोण, त्या पेपरातली कुठली आकृती तुम्हाला आवडली किंवा कळली नाही, तुम्हाला हाताने काय काय येतं, आठवड्याला किती तास देऊ शकता. "मला संशोधनाची प्रचंड आवड आहे" हे वाक्य गाळा, ते प्रत्येक पत्रात असतं. "विरलीकरण येतं, पिपेटचा हात काट्यावर तपासला आहे, 'आर'मध्ये आलेख काढता येतो" असं लिहिलेलं पत्र मी स्वतः बाजूला काढून ठेवतो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या, तरी आलं नाही तर पुढचं दार ठोठवा.